अश्रांत परिचर : कर्करुग्णांच्या आप्तांसाठी आखलेल्या व्यायामयोजनांचे एक परीक्षण

फर्दापूरपासून चार-पाच किलोमीटरांवर असलेल्या अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात ‘मरणासन्न राजकन्या’ ह्या नावाने प्रसिद्धीस आलेले एक भित्तिचित्र आहे. वाकाटक नृपती हरिषेण ह्याचा मंत्री वराहदेव ह्याने पाचव्या शतकात करवून घेतलेल्या ह्या विहारातील ते चित्र आज बरेच विटले आहे. तथापि मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेच्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून जॉन ग्रिफिथ्स ह्याने १८७२ ते १८८५ ह्या काळात अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करविल्या, व १८९६-९७ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील वर्णनामुळे ह्या चित्राची कीर्ती टिकून राहिली. करुणरसाच्या आविष्कारात ह्याच्या तोडीचे चित्र जगाच्या कलेतिहासात क्वचितच सापडेल, असा त्याचा अभिप्राय होता. पुढील अभ्यासकांनी चित्रातील स्त्री म्हणजे नंदाने प्रव्रज्या घेतल्याचे कळताच कोसळलेली त्याची पत्नी सुंदरी होय, असे ठरविले. तेव्हा ती मरणासन्न नाही. पण नाव एकदा रूढ झाले म्हणजे ते सहसा सुटत नाही.

ह्या चित्रासमोर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाची दृष्टी त्या स्त्रीच्या कललेल्या मानेवर व मिटत चाललेल्या डोळ्यांवर खिळते. तिच्या मागे एक परिचारिका आहे. तिने तिला सावरून धरले आहे. दुसरी छातीवर हात ठेवून तिच्याकडे पाहते आहे. तिसरीच्या हाती पंखा आहे, आणि तिच्या मुद्रेवर खोल चिंता आहे. ह्या तिघींविषयी जे लिहिले गेले ते त्यांच्या चेहऱ्यांविषयी, आणि तेही राजस्त्रीच्या व्यथेचा आरसा म्हणून. मागे उभी असलेली किती वेळ त्या देहाचा भार पेलून आहे, पंखा ढाळणारीचा खांदा भरून आला आहे काय, त्यांच्या जागी कोणी येणार आहे काय, हे प्रश्न कलासमीक्षेने विचारले नाहीत. तिला त्याबद्दल दोषही देता येणार नाही, कारण ते तिचे क्षेत्र नव्हे. वैद्यकाचे मात्र ते क्षेत्र आहे; आणि वैद्यकानेही ते विचारण्यास विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली.

कर्करोगाच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष जाणवते. भारतात २०२२ साली कर्करोगाचे सुमारे चौदा लाख नवे रुग्ण आढळले, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. बार्शी येथे १९८७ साली ग्रामीण लोकसंख्येची कर्करोग नोंदवही सुरू झाली. देशातील ग्रामीण भागाची ती पहिलीच. रुग्णाचे वय, गाव, अवयव, अवस्था ह्यांची नोंद अशा वहीत काटेकोरपणे होते. रुग्णाच्या उशाशी कोण बसले होते, ह्यासाठी तीत रकाना नसतो. ह्या माणसाला मराठीत स्थिर नावसुद्धा नाही. रुग्णालयात त्याला ‘नातेवाईक’ म्हणतात, आणि त्या हाकेत नात्यापेक्षा औषधाची चिठ्ठी घेऊन धावण्याची तयारी अधिक अभिप्रेत असते. ‘काळजीवाहक’ हा अलीकडचा शब्द वाहतुकीची आठवण करून देतो. घरात त्या कामाला उसाभर, उठबस, खस्ता, जागरण अशी कितीतरी नावे आहेत. करणाऱ्याला नाव नाही, आणि बहुधा ती बायको, सून, मुलगी किंवा आई असल्यामुळे नावाची गरजही कोणास भासलेली नाही. प्रस्तुत लेखात ‘परिचर’ हा संहिताग्रंथांतील जुना शब्द वापरला आहे. तो का, हे पुढे स्पष्ट होईल.

परिचराच्या शरीराकडे संशोधकांचे लक्ष वेधले गेले त्यास १९९९ साली रिचर्ड शुल्झ व स्कॉट बीच ह्यांनी प्रसिद्ध केलेला अमेरिकेतील अभ्यास बराचसा कारणीभूत झाला. आजारी जोडीदाराची शुश्रूषा करणारे व तीमुळे ताण अनुभवणारे वृद्ध चार वर्षांच्या अवधीत इतरांच्या मानाने ६३ टक्के अधिक प्रमाणात मृत्यू पावले, असे त्यांना आढळले. हा आकडा तेव्हापासून ह्या विषयावरील लेखांच्या प्रस्तावनांत हटकून भेटतो. तो बहुधा अपुरा उद्धृत होतो. ताण न अनुभवणाऱ्या परिचरांना तो लागू नव्हता, आणि २०१५ साली डेव्हिड रॉथ व त्यांचे सहकारी ह्यांनी लोकसंख्याधारित अभ्यासांचा पुन्हा आढावा घेऊन परिचरांचे मृत्युप्रमाण एकंदरीत इतरांपेक्षा कमीच दिसते, असे दाखविले. म्हणजे शुश्रूषा माणसास मारते असे सिद्ध झालेले नाही. एका विशिष्ट स्थितीतील शुश्रूषा घातक ठरते, एवढेच. ती स्थिती कोणती, हा खरा प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधण्याआधीच उपाय सुचविले जाऊ लागले, आणि त्यांत व्यायाम अग्रभागी होता.

ह्या उपायाची सर्वांत काळजीपूर्वक केलेली परीक्षा २००२ सालची म्हणावी लागेल. स्टॅनफर्ड येथील अॅबी किंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाने आजारी असलेल्या आप्तांची शुश्रूषा करणाऱ्या, नियमित व्यायाम न करणाऱ्या शंभर स्त्रिया निवडल्या. त्यांचे यदृच्छेने दोन गट केले. एका गटास घरच्या घरी करावयाचा मध्यम तीव्रतेचा व्यायाम, मुख्यतः भरभर चालणे, वर्षभर दिला; दुसऱ्यास आहारविषयक मार्गदर्शन दिले. दोन्ही गटांशी दूरध्वनीवरून संपर्क ठेवला होता. व्यायाम करणाऱ्यांची झोप सुधारली, आणि तणावाच्या प्रसंगी उसळणारा रक्तदाब कमी उसळू लागला. हे फल निर्विवाद आहे व ते क्षुल्लक नाही. परंतु मानसिक क्लेश दोन्ही गटांत कमी झाले, ह्या निष्कर्षाकडे जितके लक्ष जावयास हवे तितके गेलेले दिसत नाही. एक गट चालत होता, दुसरा चालत नव्हता. दोहोंत समान गोष्ट एकच होती, ती म्हणजे ठरावीक दिवशी कोणीतरी दूरध्वनी करून त्या स्त्रीची, तिच्या रुग्णाची नव्हे, तिची स्वतःची विचारपूस करीत होते.

कर्करुग्णांच्या आप्तांपुरती मर्यादित अशी चाचणी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी कॅनडातील कॅल्गरी येथे झाली. तिचा वृत्तांत २०१८ साली आला. सत्त्याहत्तर परिचर तीत सहभागी होते, आणि योजनेचे नाव होते ‘रिचार्ज’. हा शब्द फर्दापूरच्या तिठ्यावरील कोणत्याही टपरीवर कळतो. भ्रमणध्वनीतील पैसे संपले म्हणजे तो करतात. संशोधकांचा हेतू निःसंशय सहानुभूतीचा होता, आणि नावावरून कार्याची परीक्षा करणे न्याय्य नव्हे. तरीही ह्या क्षेत्रातील पुष्कळ लेखनाचा कल त्या नावात अनवधानाने उमटला आहे. परिचर हे साधन आहे, ते वापराने रिते होते, ते पुन्हा भरले म्हणजे पुन्हा वापरता येते, असा तो कल होय. रुग्णाच्या हितासाठी परिचराचे आरोग्य राखावे, हे वाक्य अशा लेखांत निरनिराळ्या शब्दांत येते. परिचराच्या हितासाठी परिचराचे आरोग्य राखावे, असे साधे वाक्य शोधूनच काढावे लागते.

ह्याहून मूलगामी आक्षेप दुसरा आहे. ह्या चाचण्यांतील परिचर हा बैठ्या जीवनक्रमाचा मनुष्य आहे. त्याच्याकडे हालचालीचा अभाव आहे, म्हणून त्यास हालचाल पुरवावयाची. हे गृहीत फर्दापूरला आणून पाहावे. सोयगाव तालुक्यातील ह्या गावाचे व परिसराचे जीवन दोन गोष्टींवर चालते, शेती व लेणी. कापूस वेचणे, मका काढणे ही कामे आहेतच. शिवाय पर्यटकांच्या मोटारी तिठ्यावर थांबतात, तेथून लेण्यांपर्यंत बसगाड्या धावतात, आणि तेथे दुकाने, खानावळी, हमाली असा व्याप आहे. वर चढू न शकणाऱ्या प्रवाशांना डोलीत बसवून नेणारेही तेथे आहेत. अशा डोलीवाल्याच्या घरी कर्करोग आला अशी कल्पना करावी. दिवसा तो परक्या माणसांना खांद्यावर उचलतो, रात्री आपल्या माणसाला कुशीवर वळवतो. त्याची पत्नी पाणी, सरपण, शेतातील रोजगार व रुग्णाची उठबस ह्यांत पहाटेपासून उभी आहे. ह्या दोघांपुढे आठवड्यास दीडशे मिनिटांच्या मध्यम श्रमांचे पत्रक ठेवले, तर ते हसतील. आणि त्यांचे हसणे हा ह्या संशोधनावरील सर्वांत नेमका अभिप्राय ठरेल.

येथे एक घाईचा निष्कर्ष टाळावयास हवा. खेड्यातील माणसास, विशेषतः स्त्रीस, व्यायामाची गरज नाही, तिचे कामच तिचा व्यायाम, हे मत शहरी व्याख्यानांत आदराने मांडले जाते. त्यास एके काळी शास्त्राचाही आधार होता. जेरी मॉरिस ह्यांनी १९५३ साली लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या वाहकांना हृद्रोग कमी होता. श्रम रक्षण करतात, असे त्यावरून मानले गेले. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० सालची मार्गदर्शक तत्त्वेही आठवड्यास दीडशे ते तीनशे मिनिटांच्या हिशेबात घरकाम, रोजगार, पायपीट आणि फुरसतीचा व्यायाम हे सर्व एकाच मापाने मोजतात. त्या मापाने डोलीवाल्याच्या पत्नीचा आठवडा बहुधा मंगळवारीच पूर्ण होईल. उलट कोपनहेगन येथील एक लाखाहून अधिक प्रौढांच्या पाहणीत, जिचा वृत्तांत २०२१ साली अँड्रियास होल्टरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिला, फुरसतीत केलेली हालचाल जास्त असेल तेथे मृत्यू कमी, आणि कामात करावी लागलेली हालचाल जास्त असेल तेथे मृत्यू अधिक, असा विरोधाभास आढळला. ह्यावर वाद आहे. कष्टाची कामे करणारे गरीबही असतात, आणि गरिबीचा परिणाम श्रमाच्या माथी मारला गेला असण्याची शक्यता टीकाकारांनी दाखविली आहे. तथापि विरोधाभासाचे जे शारीरिक स्पष्टीकरण दिले जाते ते परिचरास फार जवळून लागू पडते. कामातील श्रम दीर्घ असतात व त्यांत विसावा नसतो. जड उचलण्याने व एकाच अवस्थेत ताठरून राहण्याने रक्तदाब तासन्‌तास चढलेला राहतो. आणि श्रमाची वेळ, गती, शेवट ह्यांपैकी काहीही करणाऱ्याच्या हाती नसते. म्हणजे एकाच स्नायूची एकच क्रिया एका स्थितीत बळ देते व दुसऱ्या स्थितीत झिजविते. मराठी भाषेने हा भेद एका अक्षराने राखला आहे. रुग्णाची करतात ती उठबस. तालमीत काढतात त्या उठाबशा. गुडघे दोहोंत तेवढेच वाकतात.

हा भेद आयुर्वेदाच्या आचार्यांना ठाऊक होता, आणि ह्या विषयावरील विचारात त्यांचा साक्षेपाने उपयोग झालेला नाही, ही खेदाची गोष्ट होय. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात व्यायामाची व्याख्या येते. शरीराची प्रत्येक चेष्टा चरकाच्या मते व्यायाम नव्हे. स्थैर्यासाठी केलेली, बल वाढविणारी व मात्रेने आचरलेली जी चेष्टा तीच ह्या संज्ञेस पात्र होते. हेतू, फल व मात्रा ही तिन्ही असल्यावाचून हालचालीला व्यायाम म्हणता येत नाही. सुश्रुताने मात्रेचे मापही दिले आहे. आपल्या शक्तीच्या निम्म्यानेच व्यायाम करावा. परंतु अधिक विचार करावयास लावते ती चरकसंहितेच्या प्रचलित पाठात त्याच प्रकरणी येणारी निषेधाची यादी. ओझी वाहून, वाट चालून व कामे करून जे अतिशय कृश झाले आहेत. क्रोध, शोक, भय व आयास ह्यांनी ज्यांना घेरले आहे. जे भुकेले व तहानलेले आहेत, अशांनी व्यायाम वर्ज्य करावा, असे तीत सांगितले आहे. चरकापुढे कर्करुग्णाची पत्नी नव्हती. तरीही किमोथेरपीच्या दालनाबाहेर सकाळपासून उपाशी बसलेल्या बाईचे ह्याहून पूर्ण चित्र आधुनिक ग्रंथांतही सहजी मिळणार नाही.

मग व्यायामयोजना रद्द करावयाच्या काय? स्टॅनफर्डच्या चाचणीतील झोपेचा पुरावा तसे करू देत नाही. शोकाने व भयाने घेरलेल्या माणसासही हलके चालणे हितकारक ठरते, हे आजचे ज्ञान चरकाच्या निषेधाच्या पुढे गेलेले आहे. निषेधाचा आशय मात्र शिल्लक राहतो. थकलेल्यावर आणखी श्रम लादू नयेत. आधी थकव्याचे कारण दूर करावे, मग बल वाढवावे, असा तो क्रम आहे. आधुनिक योजनांनी हा क्रम उलटा केला आहे.

पण प्राचीनांनाही सर्व श्रेय देता येत नाही. चरकाने चिकित्सेचे चार पाद सांगितले, वैद्य, औषध, परिचर व रोगी. आणि परिचराच्या अंगी शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग व शुचिता असावी, असे म्हटले. सुश्रुत सूत्रस्थानाच्या चौतिसाव्या अध्यायात त्याच्याही पुढे जातो. त्याचा परिचर स्नेहाळ, किळस न करणारा, वैद्याच्या सांगण्याप्रमाणे वागणारा असावा, आणि शिवाय तो ‘बलवान’ व ‘अश्रांत’ असावा. न थकणे हा येथे परिचराचा गुण मानला गेला आहे. त्याचे बल कोठून यावे, तो थकू लागला तर काय करावे, त्याच्या जागी कोणी यावे, ह्याविषयी त्या ठिकाणी एक शब्दही नाही. गुण म्हणून जे मागितले गेले ते पुढे कर्तव्य झाले, व घरातल्या बाईच्या बाबतीत तर स्वभावच मानले गेले. ‘तिला दमणं माहीत नाही’ हे मराठी घरातील गौरवाचे वाक्य सुश्रुताच्याच परंपरेतील आहे. ‘रिचार्ज’ हा शब्द आणि ‘अश्रांत’ हे विशेषण ह्यांच्यामध्ये बरीच शतके गेली, पण दोहोंची अपेक्षा एकच आहे.

कर्करोगाच्या शुश्रूषेचे काही विशेष असे आहेत की ज्यांची दखल सर्वसाधारण योजना घेत नाहीत. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाचा दिवस दुसऱ्या दिवसासारखा असतो; कर्करुग्णाचा तसा नसतो. किमोथेरपीचे आवर्तन बहुधा एकवीस दिवसांचे असते. औषध दिल्यानंतरचे काही दिवस वांती, ज्वराची धास्ती व जागरण ह्यांत जातात; तिसऱ्या आठवड्यात रुग्ण सावरतो, आणि सावरला की पुढचे आवर्तन येते. आठवड्यास पाच दिवस, दररोज तीस मिनिटे, अशी सारख्या मापाची योजना ह्या कालगणनेत बसत नाही. पहिल्या आठवड्यात ती मोडते, आणि मोडल्याचे खापर परिचराच्या चिकाटीवर फुटते. किरणोपचारांचे गणित आणखी निराळे. ते सामान्यतः आठवड्याचे पाच दिवस व पाच ते सात आठवडे चालतात. छत्रपती संभाजीनगर येथे २०१२ पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, ही मराठवाड्याच्या दृष्टीने फार मोठी सोय झाली. परंतु फर्दापूरहून ते सुमारे शंभर किलोमीटरांवर आहे. रोज जाऊन येणे अशक्यप्राय. तेव्हा परिचराने गाव, शेत, लहान मुले सोडून शहरात महिना-दीड महिना राहावयाचे. मुंबईस टाटा रुग्णालयात गेलेल्यांना दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आसरा देते. तो ज्यांना मिळत नाही त्यांचे काय होते, हे परळच्या पदपथांवरून गेलेल्या कोणासही सांगावे लागत नाही. गावी ज्या बाईला हालचालीचा अतिरेक होता, तीच येथे दालनाबाहेरच्या बाकावर दिवसदिवस बसून राहते. पाय सुजतात, पाठ धरते, रात्री फरशीवर झोपावे लागते. म्हणजे एकाच परिचराच्या वाट्याला दोन विरुद्ध आपत्ती पाळीपाळीने येतात. एकीवर विसावा हे औषध आहे, दुसरीवर चालणे. दोहोंवर एकच पत्रक चालवू पाहणारी योजना शास्त्रीय म्हणवून घेण्यास अपात्र होय.

पाठीचा प्रश्न स्वतंत्रपणे विचारात घ्यावयास हवा, कारण तेथे व्यायाम व काम ह्यांची सीमा पुसट होते. रुग्णाला बसते करणे, कुशीवर वळविणे, शौचास नेणे ह्यांत परिचराच्या कमरेवर जो भार येतो तो उचललेल्या वजनापेक्षा वाकण्याच्या रीतीवर अधिक अवलंबून असतो. स्वीडनमधील आल्फ नाखेमसन ह्यांनी १९६० च्या दशकात मणक्यांमधील चकतीतील दाब प्रत्यक्ष मोजला, तेव्हापासून कमरेतून पुढे वाकून वजन उचलण्याचा धोका आकड्यांत सांगता येतो. रुग्णालयातील खाट उंच असते व ती वरखाली करता येते. खेड्यात रुग्ण बाजेवर असतो किंवा जमिनीवर अंथरुणात. बाजेची उंची गुडघ्याएवढी. प्रत्येक वेळी परिचराला पुरते वाकावे लागते. गुडघे मोडावे, रुग्ण अंगाशी घ्यावा, कमरेऐवजी मांड्यांनी उचलावे, रुग्णाच्या खाली दुहेरी केलेली चादर घालून तिच्या साह्याने सरकवावे, हे अर्ध्या तासात शिकविता येते. बाजेच्या चारी पायांखाली दोन-दोन विटा घट्ट बसवून ती उंच करावी. त्यास कोणत्याही प्रशिक्षकाची गरज नाही. व्यायामाच्या पुस्तिकेत पाठ बळकट करणाऱ्या आसनांची चित्रे असतात, विटांचे चित्र नसते. विटा हा व्यायाम नव्हे, हे उघड आहे. पण परिचराच्या पाठीचा विचार खरोखर पाठीपासून सुरू झाला असता, तर आसनांच्या आधी विटा आल्या असत्या.

महाराष्ट्रात व्यायामाच्या प्रचाराची मोठी परंपरा असताना परिचर तीत कोठेच येत नाही, हे नमूद करावयास हवे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे; स्वामी कुवलयानंदांचे लोणावळ्याचे कैवल्यधाम १९२४ चे. औंधचे अधिपती भवानराव पंत प्रतिनिधी ह्यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, तो शाळांतून केला आणि स्त्रियांसाठीही केला. साधन नको, जागा थोडी पुरे, वेळ थोडा पुरे, हा त्यांचा युक्तिवाद आजच्या घरगुती व्यायामयोजनांच्या युक्तिवादाहून फारसा निराळा नाही. ह्या परंपरेपुढे निरोगी शरीर होते व राष्ट्र होते. अलीकडे टाटा रुग्णालयाने स्तनाच्या कर्करोगातील योगोपचाराची ८५० रुग्णांवर केलेली चाचणी २०२२ साली जाहीर केली, तेव्हा रुग्णाचे शरीर तिच्यात आले. निरोगी व रुग्ण ह्यांच्यामध्ये जे तिसरे शरीर आहे, जे आजारी नाही व निरोगीही उरलेले नाही, ते दोन्ही परंपरांच्या मधल्या फटीत पडले.

त्या शरीराचा विचार एका वेगळ्या ठिकाणी झालेला आहे, आणि ते ठिकाण पुन्हा अजिंठ्याकडे नेते. ज्या विनयाचे नियम पाळणारे भिक्षू त्या विहारांत राहत त्याच्या परंपरेत, पाली महावग्गाच्या चीवरविषयक खंडात, अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच घाणीत पडलेल्या एका भिक्षूची कथा आहे. त्याच्याजवळ कोणी नव्हते. बुद्धाने आनंदाकरवी पाणी आणविले. एकाने पाणी ओतले, दुसऱ्याने धुतले. मग एकाने डोक्याकडून व दुसऱ्याने पायांकडून धरून त्याला उचलले व मंचावर निजविले. कथेतील करुणेची वर्णने पुष्कळ झाली आहेत. उचलणारे दोघे होते, ही गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. त्यानंतर बुद्धाने जो नियम घातला तोही करुणेचा उपदेश करून थांबत नाही. शुश्रूषा कोणी करावी त्याचा क्रम लावून देतो. उपाध्याय असेल तर त्याने, आचार्य असेल तर त्याने, सहनिवासी असेल तर त्याने, आणि कोणीच नसेल तर संघाने. संघाने न केल्यास दोष संघाचा. परिचराचे गुण विनयातही सांगितले आहेत, आणि किळस न करणे हा त्यांतही आहे. ‘अश्रांत’ मात्र त्या यादीत नाही. ज्या व्यवस्थेत एक थकला की दुसरा उभा राहावयाचा असतो, तेथे न थकण्याची अट घालण्याचे कारण पडत नाही.

ह्या दृष्टीने परत चाचण्यांकडे वळले असता त्यांतील सर्वांत मोठी उणीव दिसते. परिचर किती मिनिटे चालला, किती आठवडे टिकला, त्याची झोप, मनःस्थिती, नाडी कशी होती, हे त्यांत तपशिलाने मोजलेले असते. तो चालावयास गेला तेव्हा रुग्णाजवळ कोण बसले होते, हे सांगणारा वृत्तांत विरळा. वस्तुतः व्यायाम शक्य झाला तो त्या दुसऱ्या माणसामुळे. झोप सुधारली ती चालण्यामुळे की अर्धा तास हाक कानावर न आल्यामुळे, ह्याचा निवाडा तो रकाना भरल्यावाचून होणे नाही. ज्यांच्या घरी असे दुसरे माणूस होते तेच योजनेत आले व टिकले, आणि ज्यांच्या घरी नव्हते ते पहिल्याच भेटीत नाही म्हणून गेले, असे झाले असल्यास योजनेचे यश हे पुष्कळ अंशी त्या घरांचे यश ठरेल. फुरसत नावाची जी वस्तू कोपनहेगनच्या पाहणीत तारक ठरली, ती परिचराच्या बाबतीत आपोआप उगवत नाही. ती दुसऱ्या कोणाच्या तरी वेळातून कापून द्यावी लागते.

मराठी शेतकऱ्याला ही देवघेव नवी नाही. सावड आणि इर्जिक ह्या दोन्ही रूढी तिच्यावरच उभ्या होत्या. आज तुझ्या शेतात माझे हात, उद्या माझ्या शेतात तुझे. हिशेब पैशाचा नव्हे, दिवसांचा. यंत्रे व रोजंदारी आल्यावर त्या मागे पडल्या, तरी शब्द अजून कळतात. शुश्रूषेची सावड मात्र कधी रूढ झाली नाही. लोक भेटावयास येतात, फळे आणतात, तासभर बसतात, चहा घेतात. म्हणजे परिचराच्या कामात एका चहाची भर पडते. ‘तू जरा पडून ये, मी बसते’ असे म्हणणारी शेजारीण हा अपवाद. आणि तसे कोणी म्हटले तरी परिचर उठेलच असे नाही, कारण दुसरा अडसर घराबाहेरचा नसून मनातला आहे. नवरा अंथरुणाला खिळलेला आणि ही फिरावयास निघाली, ह्या वाक्याची धास्ती फर्दापूरच्या रस्त्यावर जितकी आहे तितकीच पुण्याच्या सदनिकेतही असावी. आपल्या सुखासाठी हालचाल करणे हा अपराध वाटणे, हे ह्या थकव्याचे एक अंग आहे. वैद्याने चिठ्ठीवर लिहून दिलेले चालणे तेवढ्यापुरते उपयोगी पडते. ते सुख न राहता औषध होते, आणि औषध घेणाऱ्या बाईला गाव बोलत नाही. व्यायामयोजनांच्या बाजूने सांगण्याजोगी ही कदाचित सर्वांत भक्कम गोष्ट असेल. त्या बळ किती देतात हे अनिश्चित आहे; परवानगी मात्र निश्चित देतात.

फर्दापूरसारख्या गावी अशा योजनेची परीक्षा करावयाची झाल्यास आरंभ पत्रकापासून न करता वारांच्या वाटणीपासून करावा लागेल. सोमवारी लेणी बंद असतात. त्या दिवशी तिठ्यावरील दुकानदार, गाडीवाले, डोलीवाले ह्यांचे हात पुष्कळसे मोकळे असतात; शेतीच्या हंगामात बायकांना तेवढी सवड नसली तरी ह्या पुरुषांना असते. आठवड्यातून एक सोमवार, दोन तास, शेजारच्या घरातील एक माणूस रुग्णापाशी, शक्य तर पुरुष रुग्णापाशी पुरुष. एकवीस दिवसांच्या आवर्तनात पहिल्या सोमवारी परिचराने निव्वळ झोपावे, दुसऱ्या व तिसऱ्या सोमवारी चालावे किंवा नमस्कार घालावे, न घातल्यास का म्हणून विचारू नये. आणि नोंदवहीत मिनिटांच्या रकान्याशेजारी दुसरा रकाना आखावा, त्या वेळी जवळ बसलेल्या माणसाच्या नावाचा. तिन्ही सोमवारी तो भरलेला सापडतो की कोरा, हे आधी पाहावे. नाडी आणि रक्तदाब नंतर मोजता येतील.